ओझं कुणाचं?

हे अपशिंगे. सातारा तालुक्यातलं गाव, पण सगळे म्हणतात मिलिटरी अपशिंगे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. फौजेतून रिटायर होऊन आलेल्या माणसाला विचारा काय दुखतंय, गुडघे आणि कंबर, कारण पिठ्ठू म्हणजे पाठीवरची पिशवी, रायफल, पाणी, दारूगोळा सगळं अंगावर घेऊन चढायचं.

तेच ओझं पेलायला आता एक्सोस्केलेटन, म्हणजे अंगावर चढवायचा यांत्रिक सांगाडा. सेन्सर पाऊल ओळखतात, मोटर जोर लावते आणि वजन खांद्यावर न राहता सांगाड्याच्या पायांतून जमिनीत उतरतं. अमेरिकेत १९६० च्या दशकात हार्डीमन नावाचा असा सांगाडा बनवायला घेतला, त्याचंच वजन ६८० किलोच्या आसपास, आणि शेवटपर्यंत नीट चालला तो एकच हात. पुढं तिथंच हल्क (HULC) नावाचा सांगाडा आला, तो ९० किलोपर्यंत ओझं घ्यायचा. आपल्याकडं डीआरडीओ, म्हणजे सरकारची संरक्षण संशोधन संस्था पण यावर काम करतंय.

गुडघे वाचणार असतील तर मला हे हवंच आहे. पण ओझं हलकं झालं म्हटल्यावर ते तेवढंच राहील का, की वर अजून दहा किलो चढवतील? आणि चढावर मध्येच बॅटरी गेली तर पिठ्ठू पण अंगावर आणि सांगाडा पण.

कारखान्यातला कामगार निदान युनियनकडं जातो, फौजेत ऑर्डर म्हणजे ऑर्डर, तिथं सांगाडा घालायला जवानानं म्हटलेल्या "हो"ला काय अर्थ राहतो? हा सांगाड्याचा सूट त्याचे ठोके, त्याचं दमणं सगळं टिपणार, मग तो रेकॉर्ड बघून कुणी त्याला लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे तब्येतीच्या खालच्या दर्जात टाकलं तर?

अजून एक. गर्दीत एखाद्या म्हाताऱ्याला बाजूला सारताना हाताला आपोआप अंदाज असतो, मोटरचा जोर लागलेल्या हाताला तो कुठून येणार, आणि म्हाताऱ्याचं हाड मोडलं तर जबाबदार जवान, सॉफ्टवेअर लिहिणारा, का सूट घालायला लावणारा साहेब? युद्धाचे नियम सांगणाऱ्या जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या प्रोटोकॉलचं, म्हणजे जोड कराराचं, ३६ वं कलम म्हणतं, नवं शस्त्र घेताना ते कायद्यात बसतं का तपासा. पण सूट हे शस्त्र की बुटांसारखं सामान, इथंच घोडं अडतं, शिवाय भारत त्या प्रोटोकॉलमध्ये सामील नाही.

पहाटे साताऱ्याच्या रस्त्यांवर भरतीची पोरं पळताना दिसतात. यांच्यातल्या कुणाला उद्या हा सूट मिळाला तर त्याचे गुडघे नोकरीत तपासले जावेत, सूट जमा करून घरी आल्यावरही तपासले जावेत, आणि "साहेब, मला नको" म्हणाला म्हणून त्याच्या कागदावर लाल शेरा पडू नये.