ही पेटी नेमकी कुणासाठी?

मंडळी, आपण सैनिकांना पाठवायच्या पेट्या भरायला जमलो आहोत, पण सुरुवात एका पितळी डबीपासून करते. हातात सहज मावेल एवढी, साधारण पाच इंच लांब आणि सव्वातीन इंच रुंद. झाकणावर एका तरुण मुलीचा चेहरा उठावात कोरलेला आहे. ती ब्रिटनची राजकन्या मेरी. 1914 साली पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा ती 17 वर्षांची होती. आघाडीवरच्या सैनिकांना आणि खलाशांना नाताळची भेट आपल्या खासगी पैशातून पाठवावी, असं तिच्या मनात होतं. एकटीला ते झेपणारं नव्हतं. मग ऑक्टोबरात लोकांकडे वर्गणी मागितली गेली आणि दीड लाख पौंडांहून जास्त रक्कम उभी राहिली.

डबीसोबत एक शुभेच्छापत्र आणि राजकन्येचा फोटो असे. शिवाय तंबाखू, सिगारेटी, पाइप. आता पुढचं नीट ऐका, कारण माझं सगळं बोलणं यावरच उभं आहे. जो तंबाखू ओढत नाही त्याला वेगळा संच होता: आंबटगोड गोळ्या, कागद, पाकिटं आणि पेन्सिल. त्याच शरद ऋतूत हिंदुस्थानी पलटणी फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या होत्या. त्यांतल्या शीख जवानांना तंबाखू वर्ज्य, म्हणून त्यांच्यासाठी खडीसाखर आणि मसाल्याची डबी. पखालीतून पाणी वाहणाऱ्या भिश्तींनासुद्धा मसाल्याची डबी मिळाली. परिचारिकांना चॉकलेट. लाखोंच्या संख्येनं वस्तू भरताना कुणीतरी थांबून विचारलं होतं, की ही डबी उघडणारा माणूस कोण आहे?

मला त्या राजवटीचं कौतुक सांगायचं नाही. त्या एका प्रश्नाचं कौतुक मात्र मनापासून आहे. आपण पेटी भरतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्या भावनेनं भरतो. घरात पडून असलेलं, दुकानात सवलतीत मिळालेलं, फोटोत छान दिसणारं असं सगळं आत जातं. पेटी उघडणाऱ्याचा विचार मागे पडतो.

सगळ्या डब्या वेळेवर पोचल्या असंही नाही. पितळ कमी पडलं. मे 1915 मध्ये लुसिटानिया जहाज बुडालं, त्यात या डब्यांसाठी निघालेला पितळेचा मोठा साठाही गेला. पुढे वाटप वर्षानुवर्षं चाललं आणि एकूण डब्या 25 लाखांच्या वर गेल्या. उशिरा का होईना, त्या पाठवल्या गेल्या, याचं मला फार वाटतं.

इंग्रजीत अशा पेटीला ‘केअर पॅकेज’ म्हणतात. हा शब्द मुळात सैनिकांचा नाही. 1945 साली अमेरिकेत 22 संस्था एकत्र आल्या, त्यांनी ‘केअर’ नावाची संघटना काढली आणि युद्धानं उपाशी पडलेल्या युरोपातल्या घरांना अन्नाचे खोके पाठवायला सुरुवात केली. त्या पहिल्या खोक्यांमधली शिधासामग्री सैन्याचीच शिल्लक राहिलेली होती. सैनिकांचा शिधा आधी सामान्यांच्या घरी गेला, आणि पुढे तोच शब्द उलट्या वाटेनं सैनिकांकडे आला.

आता मोज्यांबद्दल बोलते. हसू नका. 1914-15 च्या खंदकांत चिखलात उभं राहून पाय सुजायचे, सडायचे. त्याला ‘ट्रेंच फूट’ म्हणत. त्यावर उपाय काय, तर पाय कोरडे करायचे, त्यांना व्हेलचं तेल चोळायचं आणि मोजे बदलायचे. आज बूट सुधारले, पण दिवसभर बुटात असलेला पाय तोच आहे. जाड, शिवण न टोचणारे, गडद रंगाचे मोजे आणि पायाला लावायची पावडर ही पेटीतली पहिली जागा. मग ओठांना लावायचं मलम, पुसायचे ओले कागदी रुमाल, दाढीचं सामान, सुईदोरा. कोरडा खाऊ पाठवायचा असेल तर एकट्याला पुरेल एवढा नको. तळावर पेटी उघडते तेव्हा भोवती आठदहा जण असतात आणि जे निघेल ते वाटून घेतलं जातं.

एक चूक आमच्या हातून झाली. सुरुवातीच्या एका खेपेत आम्ही अंगाचा साबण आणि बिस्किटं शेजारी शेजारी ठेवली. पेटी उन्हातान्हात आठवडेच्या आठवडे फिरली. पलीकडून निरोप आला, मोजे उत्तम आहेत, बिस्किटांना साबणाची चव आहे. त्या माणसानं ती खाल्ली होती, हे ऐकून मला रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून साबणाला स्वतंत्र पिशवी, तीही दुहेरी. उष्ण ठिकाणी चॉकलेट जात नाही. बॅटरी आणि फवाऱ्याचे डबे टपालाचे नियम वाचल्याशिवाय आत टाकायचे नाहीत. रिकाम्या जागेत कागदाचे बोळे कोंबण्याऐवजी मोजेच कोंबा. आणि पत्त्याची एक चिठ्ठी खोक्याच्या आतही ठेवा, कारण वरची भिजते.

‘कुणाही सैनिकास’ असा पत्ता लिहून पाठवायची सोय अमेरिकेत बरीच वर्षं होती. 2001 साली टपालातून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे जंतू पाठवले गेले आणि ती बंद झाली. म्हणून ओळखीच्या माणसामार्फत किंवा सैन्याला माहीत असलेल्या संस्थेमार्फतच पाठवा. तुकडी कुठे आहे हे खोदून विचारू नका आणि कळलंच तर फोटोखाली लिहू नका. तुम्हाला ते कौतुक वाटेल, त्यांना ते महागात पडू शकतं.

शेवटी पत्राबद्दल. शाळांतून येणाऱ्या शंभर पत्रांपैकी बरीचशी फळ्यावरून उतरवलेली असतात आणि ती लगेच ओळखू येतात. मुलांना फळा देऊ नका, एकच विचारा: काल तू काय पाहिलंस? एका मुलीनं लिहिलं होतं, “आमच्या मांजरीला चार पिल्लं झाली. एक काळं आहे. तुम्ही त्याचं नाव ठेवाल का?” दोन महिन्यांनी उत्तर आलं. पाच जणांनी मिळून मतदान केलं होतं आणि नाव कळवलं होतं. मुलांचं पहिलं नाव पुरे, घरचा पत्ता नको. ‘तुम्ही कुणाला मारलंत का’ असा प्रश्न असेल तर मुलाजवळ बसा, त्याच्याशी बोला आणि पत्र पुन्हा लिहून घ्या. उत्तर येईलच अशी आशाही मुलांना लावू नका. काहींना लिहायला वेळ नसतो, काहींना शब्द नसतात.

सणाच्या सुमारास पेट्यांचा ढीग लागतो, मधले महिने कोरडे जातात. आपली पुढची खेप म्हणूनच सणाची नाही. मागच्या टेबलावर दहा रिकामे खोके आणि वजनकाटा ठेवलाय. मोजे आणलेल्यांनी आधी या. प्रत्येक पेटीत कोरे कागद, दोन पाकिटं आणि एक पेन्सिल आठवणीनं टाकायची आहे. पेन नको, थंडीत शाई गोठते.