सोलर जोडलंत? मग डीबीचं गणित पुन्हा मांडा

नमस्कार मंडळी. गाळ्यावर सोलर बसवलंय, दिवसभर सगळं सुरळीत चालतं, पण संध्याकाळी ऊन उतरलं की मेन एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा मुख्य स्विच, ट्रिप होतो. असं होत असेल आणि कोणी म्हणालं, "63 अँपिअरचा काढून 100 चा टाकू," तर कृपा करून टाकू देऊ नका. तो एमसीबी खरं तेच सांगतोय.

आकड्यांत बघू. थ्री फेज कनेक्शन, मेन 63 अँपिअरचा, डीबीतला (एमसीबी बसवलेल्या डब्यातला) बसबार, म्हणजे सगळ्या एमसीबींना करंट पोचवणारी धातूची पट्टी, तीही 63 चीच. पत्र्यावर 15 किलोवॅटचं सोलर. भर उन्हात ते फेजमागे साधारण 21 अँपिअर देतं. मध्यंतरी तुम्ही एक वेल्डिंग मशीन आणि कॉम्प्रेसर वाढवलात, लोड गेला फेजमागे 80 अँपिअरवर. आता मीटरकडून येतात 59 आणि सोलरकडून 21. मेनला फक्त 59 दिसतात, म्हणून तो गप्प. पण सोलरचा एमसीबी मेनला लागूनच जोडला असेल, तर त्याच्या पुढच्या बसबारमधून पूर्ण 80 अँपिअर वाहतात आणि त्यांना अडवणारं कोणीच नाही. बसबार दिवसभर तापतो. संध्याकाळी सोलर थांबलं की सगळा लोड मेनवर येतो, तेव्हा कुठे तो ट्रिप होतो.

एमसीबी वायर आणि बसबार वाचवण्यासाठी असतो. मशीनच्या गरजेप्रमाणे तो वाढवायचा नसतो. जुना डीबी एकाच बाजूने सप्लाय येणार असं धरून बसवलेला होता, आता सप्लाय दोन बाजूंनी येतो.

मग करायचं काय? निदान सोलरचा एमसीबी बसबारच्या दुसऱ्या टोकाला घ्या, म्हणजे दोन करंट एकाच जागी जमा होत नाहीत. माझं विचाराल तर नवा डीबीच घ्या, 100 अँपिअर बसबारचा. मेन 63, सोलर 32, बेरीज 95, काळजी मिटली. मुंबईत लोहार चाळीच्या बाजारात सगळं मिळतं, फक्त बसबारचं रेटिंग विचारून घ्या, नुसता डब्याचा आकार बघू नका. आणि लोड खरोखरच वाढला असेल, तर बेस्ट, अदानी, टाटा, महावितरण, ज्यांचं मीटर असेल त्यांच्याकडून मंजूर लोड वाढवून घ्या. त्याप्रमाणे मीटरपासूनची केबल बदला, मेन त्यानंतर.

सोलरला 32 च का? 21 ची सव्वापट साधारण 26, त्याच्या वरचा मिळणारा एमसीबी 32. केबलची क्षमता मात्र 32 पेक्षा जास्तच हवी. तांब्याची 6 एमएम (म्हणजे 6 चौरस मिमी) कागदावर जेमतेम बसते, पण मे महिन्यात पत्र्याखालून गेलेल्या पाइपात तिची क्षमता बरीच उतरते. मी 10 एमएमच टाकतो. एमसीबीचं रेटिंगही 30 अंशांवरचं असतं, म्हणून डब्बा पत्र्याला चिकटवून लावू नका. केबल लांब आणि बारीक असली की इन्व्हर्टरच्या (पॅनेलच्या डीसीचं एसी करणाऱ्या यंत्राच्या) टोकाला व्होल्टेज चढतं, आणि तो ऐन दुपारी ओव्हरव्होल्टेज दाखवून बंद पडतो. दोष इन्व्हर्टरला लागतो, चूक केबलची असते.

डीसी बाजूला, म्हणजे पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंत, हात आखडू नका. 550 वॅटची 16 पॅनेलं ओळीत जोडली की 800 व्होल्टच्या आसपास जातं. एसी करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. साधा एसी एमसीबी तिथे लावलात तर आतली ठिणगी जळतच राहते आणि डब्बा पेट घेतो. डीसीचाच एमसीबी घ्या, त्यावरचं व्होल्टेज वाचा आणि प्लस-मायनसची खूण बघूनच जोडा. उलटा जोडला तर काही एमसीबी ऐन वेळी करंट तोडू शकत नाहीत.

(हातातली वायर कॅमेऱ्याजवळ धरून) हे बघा. 10 एमएमची वायर टर्मिनलमध्ये शिरत नव्हती, म्हणून कडेच्या चार-पाच तारा कापून टाकल्यात. एमसीबीच्या तोंडाशी केबल बारीक झाली, ती तिथेच तापली, इन्सुलेशन तपकिरी पडलंय. थिंबल (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) लावा, ती दाबून नीट क्रिम्प करा, स्क्रू कंपनीने सांगितलेल्या ताकदीने आवळा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत सैल जोड लवकर हिरवा पडतो, म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा सगळे स्क्रू तपासून घ्या, अर्थात सप्लाय बंद करून.

हे काम लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्या. आणि डीबीच्या दारावर ठळक मराठीत आणि हिंदीत लिहा: "सप्लाय दोन बाजूंनी आहे." मेन पाडला की ग्रिडवरचा इन्व्हर्टर थांबतो, पण पॅनेलकडून आलेल्या डीसी वायरमध्ये ऊन असेपर्यंत व्होल्टेज असतंच, आणि उद्या तो डब्बा उघडणारा वायरमन कदाचित नवा असेल.