परवानग्यांची साखळी: लष्करातून निघालेल्या डिझेल जनरेटरची दुरुस्ती

मित्रहो, लष्कराने काढून टाकलेला जनरेटर लिलावात घेतलेल्या माणसाकडून मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेली तक्रार म्हणजे, ‘इंजिन फिरतं, पण सुरू राहत नाही.’ ही तक्रार माझ्यापर्यंत येते तोवर त्याने बहुधा नोझल काढून पाहिलेले असतात, कधी हेडही उतरवलेले असते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही स्थिती असते. म्हणून आज मी पान्याला हात लावण्याआधीच्या अर्ध्या तासाविषयी बोलणार आहे.

अमेरिकी सैन्याचे एमईपी-८०२ए आणि एमईपी-८०३ए हे ५ आणि १० किलोवॅटचे संच आपण उदाहरणादाखल घेऊ. दोन्हींत लिस्टर-पेटर कंपनीचे पाण्याने थंड होणारे इंजिन आहे. पहिल्यात दोन सिलिंडर, दुसऱ्यात चार. जनित्र चार ध्रुवांचे असल्यामुळे ६० हर्ट्झसाठी इंजिनाला मिनिटाला १८०० फेरेच घ्यावे लागतात. इतक्या संथ चालीचे इंजिन सहसा झिजून बंद पडत नाही. यंत्र बिघडते ते उभे राहून: डिझेल शिळे होते, बॅटऱ्या बसतात आणि जोडण्यांच्या पिनांवर हिरवट गंज चढतो.

या यंत्राची रचना परवानग्यांच्या साखळीसारखी आहे. इंजिनाला डिझेल मिळावे यासाठी इंधनाच्या सोलेनॉइडला (वीज मिळेपर्यंतच इंधनाची वाट उघडी ठेवणाऱ्या भागाला) २४ व्होल्ट सतत मिळायला हवेत, आणि तो प्रवाह तेलाचा दाब, पाण्याचे तापमान आणि इंजिनाचा वेग यांवर पहारा ठेवणाऱ्या स्विचांच्या संमतीवर अवलंबून असतो. त्यांतल्या एकाने जरी नकार दिला, तरी पूर्ण निरोगी इंजिन बंद होते. अशा वेळी कोणी नकार दिला हे शोधणे एवढेच आपले काम असते, आणि त्यासाठी मल्टिमीटर, मंडलाचा नकाशा आणि धीर पुरतो. दोषदर्शक पॅनलवर कोणता दिवा लागला आहे, ते रिसेट करण्याआधी वहीत लिहून ठेवावे. घाईत रिसेट केले की यंत्राने दिलेली साक्ष आपणच पुसून टाकतो.

मुख्य स्विचची ‘स्टार्ट’ ही जागा निदानासाठी फार मोलाची आहे. स्विच तिथे धरलेला असेपर्यंत तेलाच्या दाबाची अट बाजूला ठेवली जाते, कारण सुरुवातीला दाब तयारच झालेला नसतो. त्यामुळे स्विच धरून ठेवला असता इंजिन नीट चालते आणि सोडताच बंद पडते, तेव्हा पहिला संशय तेलाच्या दाबाच्या स्विचवर घ्यावा. मात्र तो लगेच बदलू नये. यांत्रिक दाबमापक लावून खरा दाब आधी पाहावा, कारण दाब खरोखरच कमी असेल तर स्विच आपले काम चोख बजावत आहे. ‘बॅटल शॉर्ट’ नावाची कळ बहुतेक संरक्षणे बाजूला सारते. युद्धात यंत्र जळाले तरी वीज हवी, अशा प्रसंगासाठी ती आहे. दुरुस्ती टाळण्यासाठी ती चालू करून ठेवलेले संच मी पाहिले आहेत, आणि त्यांची बेअरिंगेही पाहिली आहेत. ते पाहून मला मनापासून वाईट वाटले.

स्टार्टर फिरतच नसेल तर ‘डेड क्रँक’ स्विच (इंजिन सुरू न करता नुसते फिरवण्यासाठीचा) नॉर्मलवर आहे ना, हे आधी पाहावे. मग १२ व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजाव्यात. एकीवरूनच दिवा किंवा पंप चालवण्याची सवय असेल, तर ती अर्धवट रिकामी राहते आणि दोघींचा मेळ बिघडतो.

स्टार्टर फिरत असेल तर एक्झॉस्टकडे बघावे. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे पण पेटत नाही. धूर मुळीच नसेल, तर डिझेलच पोहोचत नाही, आणि मग टाकीपासून पुढे सरकत पंप, फिल्टर आणि नळीत धरलेली हवा तपासावी. टाकीच्या तळाशी साचलेले पाणी आणि त्याच्या वरच्या थरात वाढणारा चिकट बुरशीसारखा गाळ काढल्याशिवाय नवा फिल्टर घालणे व्यर्थ आहे.

एका संचाची गोष्ट सविस्तर सांगतो. इंजिन उत्तम चालत होते, पण वीज नव्हती. आधीच्या मालकाने व्होल्टेज रेग्युलेटर दोनदा बदलला होता. स्विच ‘स्टार्ट’वर धरला की व्होल्टमापकाचा काटा किंचित उचलला जाई आणि सोडताच शून्यावर येई. ‘स्टार्ट’च्या वेळी बॅटरी क्षेत्रवेटोळ्याला (जनित्रातले चुंबकीय क्षेत्र तयार करणाऱ्या वेटोळ्याला) थोडा प्रवाह देते आणि त्यातून जनित्र जागे होते, त्यानंतर स्वतंत्र वेटोळ्यातून रेग्युलेटरला वीज मिळून त्याने क्षेत्र सांभाळायचे असते. काटा उचलला जात होता, म्हणजे क्षेत्रवेटोळे शाबूत होते. अडचण पुढच्या टप्प्यात होती. जनित्राच्या बाजूला त्या स्वतंत्र वेटोळ्याची वीज मिळत होती. रेग्युलेटरच्या बाजूला काहीच नव्हते. मधल्या प्लगची एक पिन बाहेरून चकचकीत दिसत होती, पण तार हलकेच ओढली तेव्हा ती क्रिम्पमधून (तार दाबून बसवलेल्या जोडातून) निसटून माझ्या बोटांत आली. आतला तांब्याचा भाग हिरवा आणि भुसभुशीत झाला होता. संच बंद असताना मीटर तिथे जोडणी चांगली दाखवत होता, कारण मीटरच्या सूक्ष्म प्रवाहाला दोनचार तंतू पुरतात. म्हणून माझा आग्रह असा, की जोडणीची परीक्षा तिच्यातून खरा प्रवाह जात असतानाच करावी. क्रिम्प नवा केला आणि पहिला, फेकायला काढलेला रेग्युलेटरही व्यवस्थित चालला.

घेण्याआधी पाटी मात्र नीट वाचावी. याच कुटुंबातले ८१२ए आणि ८१३ए हे संच विमाने आणि रडार यांसाठी ४०० हर्ट्झची वीज देतात. बाहेरून ते सारखेच दिसतात, पण सर्वसाधारण मोटारी आणि पंप त्यांच्यावर चालवता येत नाहीत.

दुरुस्तीनंतर संच भाराखाली चालवून पाहिल्याशिवाय मी सोपवत नाही. दीर्घकाळ नाममात्र भारावर चाललेल्या डिझेल इंजिनात अर्धवट जळलेले इंधन एक्झॉस्टमध्ये काळ्या तेलकट थराच्या रूपाने साचते. असा संच क्षमतेच्या सुमारे तीन चतुर्थांश भारावर काही तास चालवला की तो थर जळू लागतो. सुरुवातीचा धूर भयानक असतो, म्हणून हे काम उघड्यावर करावे. याच वेळी वारंवारितेवरही लक्ष ठेवावे. यांत्रिक गव्हर्नरची (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेची) चाल भार वाढताना थोडी घसरतेच. ३ टक्के घसरण म्हणजे ६० हर्ट्झला सुमारे १.८ हर्ट्झ. त्यामुळे भाराविना ६१.५ ते ६२ हर्ट्झ ठेवलेला संच पूर्ण भारावर ६० च्या आसपास स्थिरावतो. भाराविना काटेकोर ६० ठेवला, तर पूर्ण भारावर तो ५८ कडे झुकतो. भार काढल्यावर काटा पुन्हा पहिल्या जागी येऊन न डोलता थांबला, की मी वहीत शेवटची नोंद करतो आणि संच भाराविना पाच मिनिटे चालवून थंड होऊ देतो.