सॉल्व्हरला विचारलंत काय?

(दादरच्या एका सभागृहात रविवारी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मेगाब्लॉक असूनही एवढी मंडळी आलात. पोकरची ओढ असेल, नाहीतर इथला एसी. जाहीर झालेला विषय असा: रिव्हरवर मोठी बेट आली की कॉल करायचा की फोल्ड, हे सॉल्व्हरच्या मदतीने कसं तपासायचं. नव्या मंडळींसाठी: रिव्हर म्हणजे टेबलावरचा शेवटचा उघडा पत्ता, बेट म्हणजे लावलेले पैसे, कॉल म्हणजे तेवढेच घालून टिकणं, फोल्ड म्हणजे पत्ते टाकणं आणि सॉल्व्हर म्हणजे कुठल्या हाताने काय करावं ते मोजणारा प्रोग्रॅम. तिथे येतोच. त्याआधी एक तक्रार आहे, ती पाच मिनिटांत आटपतो.

तक्रार स्क्रीनशॉटची. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तेरा बाय तेरा रंगीत चौकटींचं चित्र येतं, दर चौकटीत हातातल्या दोन पत्त्यांची एक जोडी, आणि खाली एक ओळ: ‘सॉल्व्हर म्हणतो कॉल’. वाद संपला! अहो, पण त्याला विचारलंत काय? 2015 साली पायोसॉल्व्हर आला आणि साध्या कॉम्प्युटरवर हे गणित सुटायला लागलं, तेव्हापासून उत्तरं फार स्वस्त झालीत. प्रश्न नीट मांडायला मात्र अजूनही तेवढीच मेहनत लागते आणि तीच कोणाला नको असते.

सॉल्व्हर आत काय करतो ते थोडक्यात सांगतो. प्रोग्रॅममधले दोन खेळाडू एकमेकांशी पुन्हा पुन्हा खेळतात. प्रत्येक फेरीनंतर हिशेब होतो: इथे फोल्डऐवजी कॉल केला असता तर किती जास्त मिळालं असतं? त्या हळहळीची बेरीज ठेवायची आणि जिथे हळहळ जास्त तिकडे पुढच्या वेळी झुकायचं. अल्बर्टा विद्यापीठाच्या मंडळींनी 2007 साली मांडलेली ही पद्धत. शेवटी दोघांनाही आपली चाल बदलून काही फायदा उरत नाही, तो समतोल. पण समतोल कशाचा? तुम्ही भरलेल्या दोन रेंजचा (दोघांकडे असू शकणाऱ्या हातांच्या याद्यांचा), तुम्ही ठरवलेल्या बेटच्या आकारांचा आणि तुम्ही टाकलेल्या रेकचा, म्हणजे मध्ये जमलेल्या पैशांतून कसिनो कापतो त्या वाट्याचा. यातलं एक चुकलं तर उत्तर अगदी काटेकोर येतं, फक्त ते दुसऱ्याच कुठल्या तरी हाताचं असतं.

उदाहरण घेऊ, आणि शेवटपर्यंत हेच ठेवू. सहा जणांचं टेबल, प्रत्येकाकडे 100 बिग ब्लाइंड. बिग ब्लाइंड हेच आपलं माप: एका खेळाडूने आधीच सक्तीने लावायची रक्कम; त्याच्या शेजारचा स्मॉल ब्लाइंड लावतो, तिच्या निम्मा. बटणने, म्हणजे वाटणाऱ्याच्या जागेवरच्या खेळाडूने, अडीचचा रेझ केला, म्हणजे रक्कम वाढवली, स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले, बिग ब्लाइंडमधून आपण कॉल केला. पॉट, म्हणजे मध्ये जमलेले पैसे, साडेपाच; दोघांच्या मागे प्रत्येकी साडेसत्त्याण्णव. फ्लॉप, म्हणजे पहिले तीन उघडे पत्ते: बदाम राजा, बदाम अठ्ठी, किलवर चौकी.

आता बिग ब्लाइंडची रेंज भरायची. हौशी माणूस माऊस धरून सगळे चांगले हात रंगवत सुटतो. एक्का-राजा? घे. एक्क्यांची जोडी? तीही घे. अरे, पण हे हात आपण फ्लॉपच्या आधीच थ्री-बेट केले असते ना, म्हणजे त्याच्या रेझवर पुन्हा रेझ! फक्त कॉल करून ते इथवर आले कसे? मोजून बघा. फ्लॉपवर एक राजा उघडा आहे, म्हणून एक्का-राजाची बारा कॉम्बिनेशन्स, राजांच्या जोडीची तीन आणि एक्क्यांची सहा. एकवीस भूतं रेंजमध्ये घुसली. सॉल्व्हर बिचारा भुतांनाही घाबरतो. या फ्लॉपवर बटणने एकतृतीयांश पॉटची छोटी बेट बऱ्याच हातांनी करायची असते, कारण वरचे हात त्याच्याकडे जास्त. ही एकवीस भूतं आली की बटण चेक करायला, म्हणजे पैसे न लावता पुढे जायला लागतो. मग आपले मित्र ग्रुपवर जाहीर करतात, ‘राजाच्या फ्लॉपवर सी-बेट (आधी रेझ केलेल्याचीच फ्लॉपवरची बेट) चुकीची आहे.’

याच्या उलटही चालतं. बोरिवलीचे एखादे काका तासात एकदा रेझ करतात आणि आपण त्यांच्या नावावर पुस्तकी बटणची रेंज चढवतो, जवळजवळ अर्धे हात. काकांनी एवढे हात आयुष्यात खेळले नसतील.

रेकचंही तेच. मित्राच्या घरच्या खेळात रेक नसतो, तर शून्य टाका. कसिनोतला हात असेल तर टक्केवारी आणि कमाल मर्यादा दोन्ही टाका, कारण रेक वाढला की काठावरचे कॉल आधी मरतात. आणि फ्लॉपला पाच जण असतील तर सॉल्व्हर बंद करून चहा घ्या. बहुतेक सॉल्व्हर दोघांसाठीच आहेत. तीन जण आले की समतोलाची ‘तुझं नुकसान होणार नाही’ ही हमी गणितातच उरत नाही.

(हात वर आहे, हो, बोला.) कायद्याचं विचारताय. ऑगस्ट 2025च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळणं बंद केलंय. आपण अभ्यासाबद्दल बोलतोय. आणि हात चालू असताना सॉल्व्हर उघडणं ही जगात सगळीकडे लबाडीच.

बेटचे आकार: फ्लॉपला एक, टर्नला (चौथ्या उघड्या पत्त्याला) एक, रिव्हरला दोन, रेझला एक. सुरुवातीला एवढं पुरे. प्रत्येक जादा आकार पुढच्या प्रत्येक पत्त्यावर नवी फांदी फोडतो, मग रॅम संपते आणि मशीनचा पंखा एस्टीसारखा ओरडतो.

अचूकता, म्हणजे चाल बदलून अजून किती फायदा उरतो तो आकडा, पॉटच्या अर्ध्या टक्क्यापर्यंत आली की लोक थांबवतात. साडेपाचच्या पॉटवर ते होतात 0.0275 बिग ब्लाइंड. आता कॉल आणि फोल्ड यांच्यात 0.01चा फरक दिसला, तर त्या रंगाला अर्थ काय? शिवाय ही अचूकता अख्ख्या झाडाची, म्हणजे शक्य चालींच्या सगळ्या फांद्यांची, सरासरी आहे. क्वचित येणाऱ्या फांदीवर चूक याहून बरीच मोठी असू शकते. तिथे 0.1 टक्क्यापर्यंत चालू द्या, रात्रभर लागली तरी.

काय म्हणता, दहा मिनिटं उरली? पाच मिनिटांची तक्रार जरा लांबली. बरं, रिव्हर.

फ्लॉपला बटणची बेट 1.8, आपला कॉल, पॉट 9.1. टर्न इस्पिक दुर्री, बेट 6.8, कॉल, पॉट 22.7. रिव्हर चौकट नव्वी, पॉटएवढी बेट. 22.7 घालून 45.4 मिळवायचे, म्हणजे तीनात एकदा जिंकायला हवं. आपल्याकडे इस्पिक राजा आणि दश्शी. एक्का-राजा, राजा-राणी पुढे आहेत, म्हणून आपण फक्त ब्लफलाच हरवतो.

दश्शी किलवर की बदाम? मेंढीकोट खेळलेल्यांना समजावायला नको: एक मेंढी आपल्या हातात, तर बाहेर तीनच. समोरच्याचे ब्लफ मुख्यतः हुकलेले बदाम. बाहेर अकरा बदाम, त्यांच्या जोड्या पंचावन्न. बदाम दश्शी आपल्याकडे असेल तर पंचेचाळीस. त्याचे ब्लफ आपणच दाबून बसलोय. म्हणून किलवर दश्शीने कॉल, बदाम दश्शीने फोल्ड. सॉल्व्हर दोन्ही रंग मिसळून दाखवेल, कारण समतोलात अशा हाताची किंमत शून्याच्या आसपासच असते. टक्केवारी पाठ करू नका, कुठला हात कुठे झुकतो ते बघा.

आता मुख्य मुद्दा, नोड लॉक: झाडाच्या एका फाट्यावर, म्हणजे नोडवर, समोरच्याची चाल हाताने पक्की करणं. तीस खरे हात असतील तर या बेटला पंधरा ब्लफ हवेत. बोरिवलीचे काका मारतील आठ. अडतीसात आठ, म्हणजे 21 टक्के. दर कॉलला आठहून जास्त बिग ब्लाइंड पाण्यात, दश्शी कुठलीही असो. वेळापत्रकाला मेगाब्लॉक माहीत नसतो, तो आपण सांगायचा: रिव्हरचा नोड उघडा, काकांचे ब्लफ हाताने कमी करा, लॉक करा, पुन्हा सोडवा आणि आपला कॉल किती घसरला ते बघा. मग ब्लफ आठाचे बारा करून पुन्हा. कॉल नेमका कितीला उलटतो, तो आकडा वहीत लिहा. एकच नोड लॉक केलात तर काका फ्लॉप-टर्नवर चाल बदलून भरपाई करतात, म्हणून झाड रिव्हरपासूनच बांधा, टर्नच्या शेवटी उरलेल्या रेंज घेऊन.

हो हो, दिवे मालवा, उठलोच. एवढं फक्त: लॉक केलेली फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करा. नाहीतर पुढच्या आठवड्यात तीच उघडाल आणि काकांनाच समतोल समजाल.