पाठीमागची बाजू दाखवा: जुन्या हॅलोविन वस्तूंच्या ऑनलाइन बाजारातील नकला

पडद्यावर दोन कंदील शेजारी शेजारी ठेवले आहेत. दोन्ही भोपळ्याच्या आकाराचे, नारिंगी, दात विचकून हसणारे. दोहोंना वर तारेची कडी आहे आणि दोहोंचा रंग जागोजागी उडालेला आहे. यांतला एक सुमारे शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत तयार झाला आणि दुसरा गेल्या काही वर्षांत, जुना दिसावा याच हेतूने घडवला गेला. विक्रीच्या पानावर दोहोंचे समोरून काढलेले एकेक छायाचित्र लावले, तर वर्षानुवर्षे संग्रह करणारा माणूसही अस्सल कोणता हे छातीठोकपणे सांगू शकणार नाही. नक्कल करणाऱ्याची सारी मेहनत दर्शनी बाजूवर खर्च झालेली असते. म्हणून तपासणी मागून, खालून आणि आतून सुरू करावी लागते.

३१ ऑक्टोबरच्या रात्री साजरा होणारा हॅलोविन हा भुताखेतांचा सण अमेरिकेत रुजला, तो मुख्यतः एकोणिसाव्या शतकात आयर्लंड आणि स्कॉटलंडहून आलेल्या स्थलांतरितांमुळे. मायदेशी ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवत असत. अमेरिकेत भोपळा मुबलक आणि कोरायला सोपा, त्यामुळे सलगम मागे पडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस घरोघरी हॅलोविनच्या मेजवान्या होऊ लागल्या, सजावटीच्या वस्तूंना मागणी आली आणि ती मोठ्या प्रमाणावर जर्मनीने भागवली. थुरिंगिया प्रांतातील झोनेबर्ग आणि त्याच्या परिसरातील खेळणी बनवणाऱ्या गावांमधून कागदाच्या लगद्याचे कंदील, खाऊच्या गोळ्या भरून ठेवायच्या मांजरी, चेटकिणी आणि भोपळ्याच्या डोक्याचे बाहुले जहाजाने अमेरिकेत जात. अमेरिकेतही हा धंदा वाढत होता. मॅसॅच्युसेट्समधील डेनिसन कंपनी क्रेप कागदाची सजावट विकत होती आणि १९०९ मध्ये तिने हॅलोविनच्या सजावटीच्या कल्पनांची ‘बोगी बुक’ ही पुस्तिका काढली. पेनसिल्व्हेनियातील शिपेन्सबर्गची बीस्टल कंपनी छापील पुठ्ठ्याच्या आकृत्या आणि उलगडून फुलणाऱ्या पातळ कागदाच्या वस्तू बनवत होती.

हा सगळा माल एका रात्रीपुरता होता. कंदिलात खरी मेणबत्ती लावली जाई, त्यामुळे कित्येक कंदील त्याच रात्री जळून गेले. पुठ्ठ्याच्या मांजरी दुसऱ्या दिवशी केरात गेल्या. जे थोडे नग माळ्यावर किंवा तळघरात राहून गेले, त्यांना आज शेकडो डॉलर आणि दुर्मीळ नगांना हजारो डॉलर मोजले जातात. जिथे मूळ किंमत काही सेंट आणि आजची किंमत हजारांत, तिथे नक्कल होणारच.

तरीही प्रत्येक प्रतिकृतीला बनावट म्हणणे अन्यायाचे होईल. बीस्टलने स्वतःच आपल्या जुन्या नक्षीच्या आकृत्या नव्याने छापून विकल्या आहेत आणि त्यात लपवाछपवी काही नाही. जुन्या धाटणीच्या नव्या वस्तू आपल्या नावाने विकणारे कारागीरही अमेरिकेत बरेच आहेत. दुकानातून वीस-पंचवीस डॉलरला घेतलेली अशी वस्तू खोटी ठरते ती पुढच्या हातात गेल्यावर, जेव्हा कोणीतरी तळाचा कागदी लेबल नखाने खरवडून काढतो, कडा थोड्या घासतो आणि वर्णनात ‘१९२० च्या दशकातील, जर्मनी’ असे लिहितो. तिसरा प्रकार याहून चमत्कारिक आहे. जुन्या काळी जी वस्तू कधी बनलीच नव्हती, तिला जुन्याचा साज चढवून विकले जाते. संग्राहक अशा मालाला ‘फँटसी’ म्हणतात. तुलनेला मूळ वस्तूच नसल्यामुळे नवखा ग्राहक तिला अतिदुर्मीळ समजून बोली वाढवत नेतो.

कायद्याचा आधार इथे तोकडा पडतो. अमेरिकेत १९७३ पासून लागू असलेला ‘हॉबी प्रोटेक्शन ॲक्ट’ नाणी आणि राजकीय बिल्ल्यांसारख्या वस्तूंच्या नकलांवर तशी खूण करणे बंधनकारक करतो, परंतु सणासुदीच्या सजावटीच्या वस्तू त्याच्या कक्षेत येत नाहीत. फसवणुकीचे सर्वसाधारण कायदे आहेत. मात्र विक्रेता ‘हे माझ्या आजीच्या घरात सापडले, मला यातले काही कळत नाही’ असे लिहून मोकळा होतो, तेव्हा त्याचा हेतू सिद्ध करणे सोपे नसते. हे वाक्य विक्रीच्या पानावर जितक्या वेळा दिसते, तितक्या अमेरिकेत आज्या तरी होत्या का, असा प्रश्न पडतो.

बहुतेक ग्राहक सर्वांत आधी शिक्का शोधतात. अमेरिकेच्या १८९० च्या आयात शुल्क कायद्यानुसार १ मार्च १८९१ पासून परदेशी मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत असणे आवश्यक झाले, म्हणून जुन्या जर्मन वस्तूंच्या तळाशी बहुधा ‘जर्मनी’ असा शिक्का आढळतो. दुसऱ्या महायुद्धानंतर देशाची फाळणी झाली आणि पश्चिमेकडील मालावर ‘वेस्ट जर्मनी’ येऊ लागले. जपानी मालावर ‘ऑक्युपाइड जपान’ (परकीय ताब्यातील जपान) असेल, तर तो १९४५ ते १९५२ या काळातला. अमेरिकी कंपनीच्या पत्त्यात पाच आकडी झिप कोड (तिथला पिनकोड) असेल, तर ती छपाई जुलै १९६३ नंतरची, आणि बारकोड असेल तर १९७४ च्या आधीची असण्याचा प्रश्नच येत नाही. या खुणा एखादी वस्तू सांगितली जाते तितकी जुनी नाही, हे सिद्ध करायला उत्तम आहेत. ती जुनी आहे हे सिद्ध करायला त्या जवळजवळ निरुपयोगी आहेत. रबरी शिक्का कोणालाही चार पैशांत करून मिळतो. उलट कित्येक अस्सल वस्तूंवर शिक्का नसतोच, कारण देशाचे नाव खोक्यावर किंवा गळून पडलेल्या चिठ्ठीवर होते. शिक्क्याला इतके महत्त्व देणे हीच नवख्याची ओळख आहे, असे म्हणावेसे वाटते.

आता पहिल्या कंदिलाकडे जवळून पाहू. तो घडवण्याची रीत महाराष्ट्रातील प्रेक्षकाला अनोळखी वाटणार नाही. कागदाच्या लगद्याच्या गणेशमूर्ती ज्या क्रमाने होतात, साधारण त्याच क्रमाने हे काम चाले: साच्यात दाबलेला लगदा किंवा ओला पुठ्ठा, वाळल्यावर त्यावर पातळ पांढरा लेप आणि त्यावर रंग. लेप आणि रंग फक्त बाहेरून दिला जाई. आतून कच्चा पुठ्ठा तसाच राही. डोळ्यांच्या आणि तोंडाच्या भोकांमागे पातळ छापील कागद चिकटवत, म्हणजे मेणबत्तीच्या उजेडात बुबुळे आणि दात उठून दिसत. १९३० आणि १९४० च्या दशकांतले अमेरिकी कंदील वेगळे आहेत. त्यांचा लगदा जाड आणि खरखरीत, लेप नसलेला, आणि रंग थेट त्यावर फवारलेला असतो. विक्रेता अशा कंदिलाला जर्मन म्हणत असेल, तर तो फसवत नसून केवळ अनभिज्ञ असण्याचीही शक्यता आहे.

कॅमेरा कंदिलाच्या आत जातो आहे. मधोमध मेणबत्तीची ज्योत जळत असताना धूर सरळ वर जातो, त्यामुळे काजळी वरच्या काठाशी दाट असते आणि खाली येईल तशी विरळ होत जाते. तळाशी मेणाचे थेंब मुरलेले आहेत आणि त्यांच्याभोवती पुठ्ठ्याला तेलकट कडा आली आहे. तार जिथे पुठ्ठ्यातून आरपार गेली आहे तिथे तिचा गंज पुठ्ठ्यात झिरपून छिद्राभोवती तपकिरी वलय उमटले आहे. डोळ्यामागचा कागद उजेडाने फिकट झाला आहे. पण त्याची जी कड पुठ्ठ्याआड चिकटवलेली आहे, तिथे मूळचा हिरवा रंग आजही ताजा आहे. दुसऱ्या कंदिलात आतून सर्वत्र सारखाच तपकिरी रंग फिरवला आहे. काळेपणा तळाशी जितका, तितकाच वर. आणि तारेवर गंज असूनही छिद्राची कड कोरी आहे, म्हणजे तार आधी गंजलेली होती आणि नंतर बसवली गेली. एक सावधगिरी मात्र इथे बाळगावी लागते. अस्सल कंदिलांचे जळालेले कागद बदलण्यासाठी नवे छापील कागद उघडपणे विकले जातात, त्यामुळे डोळ्यांमागचा कागद नवा दिसला म्हणून सगळा कंदील खोटा ठरत नाही. बदल झाल्याचे सांगितले आहे की नाही आणि किमतीत तो धरला आहे की नाही, एवढेच तिथे पाहायचे.

बाहेरची झीजही वाचता येते. हाताळलेल्या वस्तूचा रंग नाक, गाल, हनुवटी आणि टेकण्याच्या कडेवर जातो, तर खोलगट जागी तो टिकून राहतो. घाईने पॉलिश कागद फिरवणारा उंच आणि खोल असा भेद करत नाही. त्याने वापरलेल्या भेगा पाडणाऱ्या वार्निशमुळे भेगांचे जाळे कानापासून कानापर्यंत एकाच मापाचे उमटते. खऱ्या जुन्या लेपावर भेगा जिथे पुठ्ठा हलला किंवा दबला, तिथेच जास्त असतात. एखाद्या मूळ वस्तूवरून साचा घेऊन नक्कल केली असेल, तर ती वाळताना आकसल्यामुळे मूळापेक्षा किंचित लहान भरते, आणि मूळ वस्तूवरचा टवकाही साच्यातून जसाच्या तसा उतरतो. वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या दोन मांजरींचा एकाच जागी, एकाच आकाराचा कान तुटलेला असेल, तर आणखी पुरावा शोधण्याची गरज नाही.

छापील वस्तूंसाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग लागते. पहिल्या महायुद्धापूर्वी अमेरिकेत विकली गेलेली हॅलोविनची कितीतरी सुंदर पोस्टकार्डे जर्मनीत रंगीत शिळाछपाईने छापलेली होती. भिंगाखाली त्यांत अनियमित, हाताने मांडलेले ठिपके आणि सलग रंगाचे पट्टे दिसतात. आजच्या चार रंगी छपाईत ठिपके ओळीत बसलेले असतात आणि त्यांची लहान लहान वर्तुळे तयार होतात. केवळ ठिपके दिसले म्हणून निकाल देऊ नये, कारण ठिपक्यांची छपाई एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही होत होती. भिंग अक्षरांवर आणि काळ्या बाह्यरेषांवर न्यावे. मूळ छपाईत अक्षर सलग शाईचे असते. जुन्या कार्डाचे स्कॅन करून छापलेल्या नकलेत तेच अक्षर रंगीत ठिपक्यांत फुटलेले दिसते. पडद्यावरच्या कार्डाच्या कोपऱ्यात एक घडी दिसते आहे. त्यावरून नख फिरवले तर काहीच लागत नाही, कारण ती घडी मूळ कार्डाला होती आणि इथे तिचे नुसते चित्र छापले गेले आहे.

अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्चही उपयोगी पडतो. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायने घालण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली, आणि अंधारात त्या टॉर्चखाली असा कागद निळसर पांढरा उजळतो. १९२० च्या दशकातली म्हणून घेतलेली चेटकीण अशी लखलखू लागली, तर तिची जन्मतारीख नव्याने ठरवावी लागेल. उलट बाजूने हा नियम चालत नाही. न चमकणारे कागद आजही मिळतात आणि नक्कल करणाऱ्यांनाही टॉर्च ठाऊक आहे.

पत्र्याची खुळखुळी, १९५० च्या दशकातले प्लॅस्टिकचे भोपळे, खोक्यात घालून विकले जाणारे मुखवटे आणि पोशाख यांतही नकला आहेत. तिथेही मागची बाजू, सांधे आणि खोक्यावरचा पत्ता पाहण्याची रीत तीच असल्याने आपण त्यांत थांबणार नाही.

अडचण अशी की भिंग आणि टॉर्च ही साधने वस्तू हातात आल्यावर चालतात, आणि पैसे तर आधीच दिलेले असतात. ईबे हे लिलावाने वस्तू विकण्याचे संकेतस्थळ १९९५ मध्ये सुरू झाले तेव्हापासून हा बाजार दुकानाच्या फडताळावरून पडद्यावर सरकत गेला आणि वस्तू हातात घेऊन तिचे वजन अजमावण्याची सवय मोडली. एट्सी या हस्तकलेच्या आणि जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात किमान वीस वर्षे जुनी कोणतीही वस्तू ‘व्हिंटेज’ (जुन्या काळची) या सदरात बसते. म्हणजे २००० च्या सुमारास जुन्या धाटणीने बनवलेला भोपळा आज त्या सदरात नियमाला धरूनच येतो, आणि ग्राहक त्या एका शब्दावरून १९२० चे दशक मनात धरून बसतो. म्हणून बोली लावण्यापूर्वी विक्रेत्याला आतून, तळातून आणि मागून काढलेली छायाचित्रे, शेजारी मोजपट्टी ठेवून घेतलेले माप आणि ग्रॅममध्ये वजन मागावे. लगद्याचा कंदील हलका असतो आणि रेझिनचा ओतीव भोपळा जड. अस्सल वस्तू विकणारा माणूस ही माहिती आनंदाने देतो, कारण तिच्यामुळे त्याची किंमत वाढते. जो टाळाटाळ करतो, ‘शक्य असते तर दिले असते’ म्हणतो किंवा अंधुक छायाचित्र पाठवतो, त्याच्याकडून न घेणे बरे. त्याच विक्रेत्याच्या आधी विकल्या गेलेल्या मालाची यादीही चाळावी. एकच ‘दुर्मीळ’ कंदील तिथे दर महिन्याला विकला गेलेला दिसला, तर दुर्मीळपणाचा निकाल लागलाच.

वस्तू घरी आल्यावर मात्र वेळ दवडू नये. ईबेवर वर्णनाशी न जुळणाऱ्या मालाची तक्रार सर्वसाधारणपणे माल पोहोचल्यापासून ३० दिवसांच्या आत करावी लागते, आणि ऑक्टोबरमध्ये घेतलेला कंदील सणानंतर खोक्यात बांधून ठेवणाऱ्याची ती मुदत बघता बघता संपते. तक्रारीत ‘मला शंका वाटते’ असे न लिहिता फुटलेल्या ठिपक्यांचे अक्षर, चमकणारा कागद, कोरे छिद्र अशी एकेक गोष्ट छायाचित्रासह दाखवावी. परत पाठवण्यापूर्वी वस्तू सर्व बाजूंनी टिपून ती छायाचित्रे जपून ठेवावीत, कारण परत गेलेला नग नष्ट होत नाही. काही आठवड्यांनी तो दुसऱ्या खात्यावर, नव्या आजीच्या नावाने पुन्हा विक्रीला लागतो, आणि त्याच तुटक्या कानावरून तो ओळखता येतो.