ठिगळाचा तिसरा आकडा

श्रोतेहो, नमस्कार. ‘नवा सिक्युरिटी पॅच उपलब्ध आहे’ ही सूचना आपल्या मोबाइलवर अधूनमधून येत असते. पॅच म्हणजे ठिगळ, आणि संगणकाचे हे ठिगळ एके काळी खरोखरच कागदाचे होते.

हार्वर्ड विद्यापीठात १९४४ साली कामाला लागलेला मार्क वन हा संगणक कागदी पट्टीवर पाडलेल्या छिद्रांतून आज्ञा वाचत असे. एका ओळीत २४ छिद्रांची जागा असे. नको तिथे छिद्र पडले, तर सगळी पट्टी नव्याने पाडण्याऐवजी तेवढ्याच जागी कागदाचा तुकडा चिकटवीत. पुढे १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी एक प्रोग्रॅम लिहिला, जो जुन्या फाइलमध्ये फक्त बदललेल्या ओळी बसवत असे; त्याचे नावच ‘पॅच’ होते. आपण मात्र ठिगळ हा शब्द उगाच गरिबीशी जोडून ठेवला आहे. गोधडीची ऊब ठिगळांचीच असते, आणि संगणकाच्या मराठीतही हा शब्द मानाने यावा, असे मला मनापासून वाटते.

त्या शब्दाचे मोल मला कळले ते नागपूरच्या महाराजबागेजवळच्या एका पंक्चरच्या दुकानात. मे महिन्याचे ऊन होते, आणि तिथल्याच मिहान या औद्योगिक परिसरात प्रोग्रॅमर असलेली माझी भाची सोबत होती. मी म्हटले, ‘ट्यूबच बदलून टाका.’ दुकानदाराने ट्यूबवरून अंगठा फिरवत जुने पॅच मोजले, ते सहा भरले, आणि तो म्हणाला, ‘ट्यूब चांगली आहे भाऊ, भोक एकच आहे.’

प्रोग्रॅमच्या आवृत्तीला जसा क्रमांक देतात, तसा भाचीने सायकलच्या सीटवरील धुळीत बोटाने लिहिला : २.४.६. ‘मामा, चाकाचा आकारच बदलला आणि जुनी ट्यूब बसेनाशी झाली, तर पहिला आकडा वाढतो, जुने सगळे तसेच चालू ठेवून नवे कॅरिअर बसवले, तर दुसरा वाढतो आणि तिसरा पुन्हा शून्यावर येतो, नुसते भोक बुजवले, तर तिसराच वाढतो.’ म्हणजे तिसरा आकडा ठिगळाचा, श्रोतेहो, केवळ ठिगळाचा.

तोवर दुकानदाराने भोकाभोवतीचे रबर कानशीने घासले, सोल्यूशन लावून वाळू दिले, पॅच बसवून हातोडीने ठोकला आणि हवा भरून ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात पुन्हा बुडवली. बुडबुडा आला नाही, तेव्हाच भाचीने सहा पुसून सात लिहिला.