स्फटिक गार का लागतो आणि काच का नाही

मागे आवाज येतोय ना? बरं. सुरुवातीलाच ही स्फटिकाची माळ आणि हा काचेचा मणी फिरवायला देतो. दोन्ही गालाला लावून बघा. पूजेच्या सामानाच्या दुकानात हीच टेस्ट सांगतात, खरा स्फटिक गार लागतो, काच तेवढी लागत नाही. आणि टेस्ट बरोबर आहे हं, त्यात काही अंधश्रद्धा नाही. स्फटिक गालातली उष्णता पटकन ओढून घेतो, एवढंच.

आता गंमत बघा. स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ, सिलिकॉन आणि ऑक्सिजन. तोच क्वार्ट्झ वितळवून पटकन थंड केला तर सिलिका ग्लास होते, तेच अणू, तेच प्रमाण. पण क्वार्ट्झची उष्णतावाहकता दिशेप्रमाणे साधारण 6 ते 11 वॅट प्रति मीटर प्रति केल्विन, आणि ग्लासची जेमतेम 1.4. मग बदललं काय? अणू कसे बसलेत ते. एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, हे दोन्हीकडे सेम. पण एक चौकट दुसरीला जिथे जोडते तिथला कोन क्वार्ट्झमध्ये सगळीकडे 144 अंशांच्या आसपास, आणि काचेत तो कुठे 130, कुठे 160, असा वाट्टेल तसा पसरलेला. शेजारी ओळखीचा, पण दोन घरं सोडून पुढे कोण आहे त्याचा भरवसा नाही.

स्लॅब पडताना घमेली हातोहात जातात ते बघितलंय ना, सगळे सारख्या अंतरावर उभे असतील तर एक लय बसते आणि माल सरसर वर जातो. काचेत माणसं तीच, पण कुणी जवळ, कुणी लांब, कुणाचं तोंड भलतीकडे. उपमा इथेच सोडतो, कारण खरं तर अणू काही वस्तू पुढे देत नाही, तो हलतो आणि त्या हलण्याची लाट जाते. तिला फोनॉन म्हणतात. 1949 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ किटेल यांनी हिशेब मांडला की काचेत ही लाट न अडखळता जाते ती फक्त काही अँगस्ट्रॉम, म्हणजे चार-दोन अणूंएवढं अंतर. आता मला सांगा, लाटेची लांबीच जर तेवढी असेल तर तिला लाट तरी का म्हणायचं? ॲलन आणि फेल्डमन यांनी 1993 मध्ये हेच धरलं, की काचेतली बरीचशी कंपनं प्रवास करतच नाहीत, पाण्यात शाईचा थेंब पसरावा तशी ऊर्जा पसरत जाते. त्यांना पुढे डिफ्यूजॉन असं नाव पडलं.

म्हणूनच तापमान कमी केलं की दोघांचं उलटं होतं. ऑइकेन यांनी हे 1911 मध्येच मोजलं होतं, स्फटिक गार करत गेलं की वाहकता वाढते, काचेची मात्र कमी होते. स्फटिकात लाटांची आपापसातली टक्कर कमी होते, काचेत अडथळा गारठ्याने हलत नाही, तो बांधणीतच आहे.

माझा आवडता भाग आता येतो. 1 केल्विनच्याही, म्हणजे उणे 272 अंश सेल्सिअसच्याही खाली गेलं की लाटा इतक्या लांब होतात की त्यांना हा अणूंचा गोंधळ दिसायलाच नको, म्हणजे काच स्फटिकासारखी वागायला हवी. सगळ्यांना तसंच वाटायचं. 1971 मध्ये झेलर आणि पोल यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मोजलं तर तसं झालंच नाही, वाहकता स्फटिकातल्यासारखी तापमानाच्या घनाप्रमाणे न जाता साधारण वर्गाप्रमाणे जात होती, आणि वेगवेगळ्या काचांमध्ये आकडेही जवळपास सारखे! पुढच्याच वर्षी अँडरसन, हॅल्पेरिन, वर्मा यांनी आणि स्वतंत्रपणे फिलिप्स यांनीही सुचवलं की काचेत काही अणूंना बसायला दोन जवळजवळ सारख्या जागा असतात, ते टनेलिंगने, म्हणजे मधला अडथळा न चढता आरपार, इकडून तिकडे जातात आणि लांब लाटाही गिळतात. नेमके कोणते अणू, किती, यावर अजून भांडणं चालू आहेत, आणि मला विचाराल तर ती लवकर मिटतील असं वाटत नाही.

माळ कुठपर्यंत पोचली? शेवटच्या रांगेवाल्यांनो, तुमच्यापर्यंत येईतो ती इतक्या हातांतून कोमट झाली असेल, आता गालाला लावून काही कळणार नाही. जरा टेबलावर ठेवा, पाच मिनिटांनी परत बघा.